चौकट एकसष्टचा गंज

३ ऑगस्ट २०२५, रविवार. जुन्नर

शालिनी वसंत ढोबळे, तुझी कळंबची खोली आज पाच महिन्यांनी उघडली. पूर्ण नावाने हाक मारण्याचे कारण इतकेच, की तिथल्या प्रत्येक डब्यावर, फाइलीवर आणि ब्रशच्या दांड्यावर तू ते तसेच लिहून ठेवले आहेस. शाळेच्या चित्रकला विभागात वस्तू हरवत, ती सवय असावी.

तुझ्या त्या परग्रहावरच्या मालिकेतले चिलखत टेबलावर जसेच्या तसे होते. छाती, पाठ, खांदे, मांड्या, शिरस्त्राण. एकूण सत्तावीस भाग. फोमचे आहे हे हाताला कळते, डोळ्याला कळत नाही. चंदेरी थर सर्वांवर बसलेला. वरचा हिरवट रंग, झीज आणि धूळ बाकी. तुझ्या वहीप्रमाणे निम्मे काम शिल्लक.

खोलीचे मालक बबनराव भेटले. पुढच्या बाजूला त्यांचे वेल्डिंगचे शेड नेहमीप्रमाणे चालू आहे. दिवाळीनंतर मागची खोली त्यांना हवी आहे, नवे मशीन येते आहे. फार संकोचाने बोलले. मी म्हटले, अवश्य.

फाइलीत पुण्याच्या चाहत्यांच्या हौशी मंडळाचा अर्ज सापडला. चिलखत पडद्यावर दिसते तंतोतंत तसे असेल, तर मंडळाच्या यादीत निर्मात्याच्या नावासह त्याची नोंद होते. अर्ज तू भरून ठेवलास. तारखेची जागा रिकामी.

ती मी भरणार. खोली सोडण्यापूर्वी त्या यादीत तुझे नाव लागले पाहिजे.

१० ऑगस्ट, रविवार

आठवडाभर मालिका पाहिली. तुझ्या हयातीत एकदाही शेजारी बसलो नाही; ‘तुझे ते पत्र्याचे लोक’ म्हणून पेपर उघडत असे. आता एकटा पाहतो आणि पेपर तसाच पडून राहतो.

तांबड्या ग्रहावरच्या खाणीची रखवालदार, क्रमांक सात. तिला नाव नाही, संवाद नाही. साऱ्या मालिकेत मिळून जेमतेम अकरा मिनिटे. तेवढ्यातून तू एकशे बारा चौकटी थांबवून छापून घेतल्यास आणि त्यांना क्रमांक दिलेस.

चौ. ६१: डाव्या बगलेखालच्या सांध्यातून ओघळलेला गंज. खाली तुझ्या लाल पेन्सिलीने: ‘जमत नाही. तपकिरी नाही, नारिंगी नाही. सोडून द्यावे?’

‘सोडून द्यावे’ हे शब्द तुझ्या अक्षरात मी प्रथमच पाहिले.

१७ ऑगस्ट, रविवार. कळंब

वहीतली कृती: चंदेरी थर किंचित ओला करावा, त्यावर जाडे मीठ पेरावे, वरून हिरवट रंग फवारावा. वाळल्यावर मीठ घासून काढावे. मिठाखाली चंदेरी राहते, रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसते.

दोन्ही खांद्यांवर केले. सर्वत्र सारखे दिसावे म्हणून फूटपट्टीने दर दोन सेंटिमीटरवर खडे ठेवले. तीन तास लागले.

बबनरावांची सून मनीषाताई चहा घेऊन आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. ‘सर, राग मानू नका. ह्याला देवी आल्यात जणू.’

राग मानला. घरी येऊन फोटो पाहिला. देवीच आल्या होत्या.

२४ ऑगस्ट, रविवार

खांदे पुन्हा चंदेरी केले. मनीषाताईंना विचारले की वस्तू झिजते ती नेमकी कुठे. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या मनुष्याने हा प्रश्न विचारताना घसा खाकरला, याची नोंद असावी.

त्यांनी मला वस्तूच दाखवल्या. घमेले आणले, खुरपे आणले, नवऱ्याच्या मोटरसायकलकडे नेले. घमेले काठाला झिजलेले. खुरप्याची मूठ अंगठ्याखाली. टाकी मध्यभागी कोरी आणि गुडघे टेकतात तिथे पांढरी पडलेली. ‘जिथं माणूस लागतो तिथंच जातं बघा. बाकी तसंच ऱ्हातं.’

वहीत तुझे वाक्य होतेच: ‘मीठ कडांना.’ मी वाचले होते, समजले आज.

७ सप्टेंबर, रविवार

छाती, पाठ, खांदे पूर्ण. चौकटींशी ताडून पाहिले, चौदापैकी तेरा खुणा जुळल्या; राहिली ती चौ. ६१. बसमध्ये खिडकीशी बसून हसत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, ‘काय भाऊ, लॉटरी लागली का?’ मी त्यांना हो म्हणालो. का म्हणालो, ठाऊक नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

उरलेले भागही रंगवून झाले. मनीषाताईंचे माहेर डिंभे धरणाच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेवर. तिकडची तांबडी माती त्यांनी भावाकडून पिशवीभर मागवून घेतली. कळंबची काळी चालली नसती. कुटली, फडक्यातून चाळली, पाण्यात कालवून सांध्यांत भरली, वाळल्यावर पुसली. पुसून जे उरते ती धूळ. चिलखत त्या ग्रहावर दहा वर्षे राबून आल्यासारखे दिसू लागले.

मातीवर संरक्षक थर दहा दिवसांनी द्यावा अशी तुझी सूचना. १ ऑक्टोबरला देईन. तोवर कोणी हात लावू नये.

हे शेवटचे वाक्य फक्त इथे लिहिले. कोणाला सांगितले नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी, याचा मला विसर पडला.

शेडमधले प्रत्येक यंत्र धुतलेले, कटरला झेंडू, वेल्डिंगच्या हातोडीला हळदकुंकू. मागच्या खोलीचे दार उघडे. चिलखत साबणाच्या पाण्याने काथ्याने घासलेले, लखलखीत. भाग ओळीने पाटावर मांडलेले. छातीवर हळदीची पाच बोटे. शिरस्त्राणाला हार.

एका कणाइतकीही माती उरली नव्हती.

मी दारातच म्हणालो, ‘तुम्हाला कोणी सांगितले होते?’ आवाज चढला होता. वर्गातही कधी चढवला नाही.

मनीषाताई हातातला तांब्या घेऊन तशाच उभ्या. ‘बाईंचं हत्यार व्हतं म्हणून पुजलं, सर. सणाला मळकं कसं ठेवायचं?’

चहा घेतला नाही. पुढच्या बसने परत आलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. जुन्नर

दसरा. सोने द्यायला शेजारी आले, कोणाशी नीट बोललो नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, वसंत, माणसाला दाराबाहेरून ओरडतात का. तुझ्या मागे तुझ्या वस्तूंची पूजा करावी असे मला सुचले नाही. कळंबच्या एका बाईला सुचले. आणि मी काय बोललो.

४ ऑक्टोबर, शनिवार. कळंब

मनीषाताई दिसल्या नाहीत. बबनराव म्हणाले, दोन दिवस जेवण धड नाही तिचे. मान खाली घालून खोलीत गेलो.

नुकसान मोजावे म्हणून एकेक भाग उचलला. मिठाचे टवके शाबूत. हिरवट रंग शाबूत. फक्त माती गेली. मग डावी बगल.

काथ्याने सांध्यावरचा थर खरवडला होता. तिथे साबण मुरला होता, आणि छातीवरची ओली हळद ओघळून त्यावर उतरली होती. पिवळी राहिली नव्हती. वाळून तांबूस, गडद, कडेला फिकट झाली होती.

फाइल काढली. चौ. ६१ शेजारी धरली. दारापाशी उजेडात नेऊन पुन्हा धरली.

तोच, शालिनी. तपकिरी नाही, नारिंगी नाही. तोच.

दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला हळदीचा कागद साबणात बुडवून मुलांना लाल करून दाखवत आलो. घरात तू दोन वर्षे हा रंग शोधत होतीस. आपण दोघांनी एकमेकांना विचारले नाही.

भाग हातात घेऊन बबनरावांच्या दारात गेलो आणि मनीषाताईंना बाहेर बोलावले. म्हणालो, त्या दिवशी मी अत्यंत चुकीचे वागलो, मला क्षमा करावी. वाक्य बसमध्ये तयार केलेले होते, तसेच म्हटले. मग चौकट आणि सांधा शेजारी धरले.

त्यांनी डोळे पुसले, निरखून पाहिले. ‘सेमच हाय की.’ मी साबण आणि हळद यांची क्रिया समजावू लागलो. त्यांनी मध्येच थांबवले. ‘सर, लुगड्याला हळद लागली आन् साबण लावला की लालच व्हतं. ह्यात शिकायचं काय?’

आतून बबनराव मोठ्याने हसले. मग मीही.

६ ऑक्टोबर, सोमवार

माती पुन्हा भरली, या वेळी दोघांनी. संरक्षक थर आम्लधर्मी निघाला तर गंज पिवळा पडेल, म्हणून आधी हळदीच्या कागदावर तपासला. लाल टिकला. मग थर दिला.

ऊन लागले की हळदीचा रंग उडतो. वर्ष टिकेल की महिना, सांगता येत नाही. अर्जात हे लिहिले.

८ ऑक्टोबर, बुधवार

अर्जाच्या मागील बाजूस नियम चार: चिलखत परिधान करून वीस पावले चालून दाखवावे. वाचायचा राहिला होता.

अंगात घालून पाहिले. ते तुझ्या मापाचे. छातीचा भाग डोक्यातून उतरला आणि तिथेच अडकला. हात वर, तोंड आत. बबनरावांनी सोडवले. ‘सर, कासवावानी दिसत व्हता.’ त्यांनी हा प्रसंग शेडमधल्या सर्वांना सांगितला. मी ऐकत असतानाच.

मनीषाताई म्हणाल्या, मी घालून बघू का. उंची तुझ्याइतकीच. बबनराव विचारात पडले. आपली सून चार लोकांपुढे सोंग घेऊन फिरणार, पाहुणे काय म्हणतील. मग विचारले, ‘तोंड दिसतंय का त्यात?’ नाही म्हटल्यावर, ‘मग चालंल.’

शिरस्त्राणातून पायाखालचे दिसत नाही. मी दोन्ही बाजूंनी हात धरायला तयार होतो. त्या सरळ चालत गेल्या, मान जराही हलली नाही. माहेरी डोक्यावर दोन हंडे घेऊन धरणाचा चढ चढत होत्या, म्हणाल्या, तेव्हाही पाय दिसत नसत.

क्रमांक सात नेमकी तशी चालते.

१२ ऑक्टोबर, रविवार

परीक्षा. पुण्याहून सायली नावाच्या तरुण परीक्षक आल्या. स्वभावाने माझ्याहून काटेकोर, हे प्रथमच घडले. गुडघे टेकून, बॅटरी घेऊन, दोन तास. मांडीचा पट्टा अर्धा इंच खाली होता. तिथेच वर घेतला.

डाव्या बगलेपाशी त्या थांबल्या. चौ. ६१ त्यांच्याकडेही होती. गंज कशाने केला, विचारले. मी खरे ते सांगितले: साबण, हळद, खंडेनवमी. त्यांनी ते लिहून घेतले आणि लेखणी तशीच धरून पुन्हा सांध्याकडे पाहिले.

मग मनीषाताई चालल्या. शेडमधली माणसे हातातले काम सोडून उभी. वीस पावले झाली तरी त्या थांबेनात, रस्त्यापर्यंत गेल्या. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारला. तोंड दिसू नये म्हणणारे बबनराव मोठ्याने सांगत होते, ‘आमची सून हाय ती.’

शेवटी एक अडचण. निर्मात्याने परीक्षकासमोर सही करावी, असा नियम. निर्मात्या हयात नाहीत असे मी सांगितले. मला हे वाक्य एवढ्या सरळ आजवर म्हणता आले नव्हते. सायलीबाईंनी विचारले, मग तुमच्या नावाने नोंदवू का. मी नको म्हणालो. माझ्या नावाने नोंद होणार असेल तर अर्ज परत घेतो.

शिरस्त्राणाचे अस्तर उलटून दाखवले. आत तुझी पूर्ण सही, खाली मागच्या वर्षीचा गणेश चतुर्थीचा दिवस. त्यांनी फोटो घेतला. ‘मी मांडते मंडळापुढे. शब्द देत नाही.’

१९ ऑक्टोबर, रविवार. जुन्नर

सकाळी संदेश आला. चष्मा लावून वाचला, काढून पुसला, पुन्हा वाचला.

मान्य.

क्रमांक सात. निर्मात्या: शालिनी वसंत ढोबळे. सही: अस्तरावरील ग्राह्य. झीजकाम: मनीषाताई आणि मी. शेरा: चौकट एकसष्ट आजवर कोणाला साधली नव्हती.

पाटीभर पेढे घेतले. गल्लीत सर्वांना दिले. कशाचे, असे विचारल्यावर म्हणालो, आमच्या मंडळींचे नाव यादीत आले. कोणती यादी, हे कोणी विचारले नाही. मीच प्रत्येकाला थांबवून सांगितले.

तुझ्या फोटोपुढे संदेश मोठ्याने वाचला. दोनदा.

२६ ऑक्टोबर, रविवार. कळंब

खोली रिकामी केली. ब्रश, डबे, उरलेली माती. मीठ मनीषाताईंनी स्वयंपाकाला नेले.

मंडळाने जानेवारीत पुण्याच्या संचलनाला बोलावले आहे. मनीषाताईंना विचारले. म्हणाल्या, तेव्हा कांद्याची लागण असते, बघू. बबनराव म्हणाले, कांद्याचं मी बघतो. शिरस्त्राण गुंडाळताना मनीषाताईंनी हनुवटीच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून मागितले.

डावी बगल टेंपोत ठेवण्यापूर्वी उजेडात पाहिली. कडेचा रंग किंचित उतरला आहे की मला तसे वाटते. काळ्या कापडात बांधली. घरी हळद आहे, साबणही आहे.

खोली झाडून घेतली. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या बबनरावांना परत दिल्या.