दाजींच्या यंत्राचं कवच

ती. आक्काच्या पायावर शहादेवचं डोकं.

मी बरा हाय. गावात टँकर येतो का? फोनवर सांगितलं तर दाजी हसण्यावारी नेतात, म्हणून तुला लिहितोय.

सोसायटीनं दाजींना दिलेल्या ऊसतोडीच्या हातयंत्राचं पातं ज्यात बसतं, ते मॅग्नेशियमचं कवच आमच्याच कारखान्यात ओततात. मॅग्नेशियम लई हलकं, पण नुसतं असलं तर मऊ, लवकर झिजतं. अ‍ॅल्युमिनियम अन् जस्त मापात मिसळलं तरच ताकद येती. मधल्या एका खेपेच्या मालात ते कमी पडलं. कवचं झिजून परत आली. एकाचं पातं चालता चालता उडालं.

घाबरू नको. पण दाजींचं यंत्र कुठल्या मालातलं, कळायला मार्ग न्हाई. तोडीला जाताना कोयताच न्या. मोळी बांधायला तू त्यांच्या पुढ्यातच वाकतीस गं.

तुझा धाकटा,
शहादेव