बाण आपोआप हलला

सोमवार, ३ तारीख

माफ कर गं वही. आठवडाभर तुला हात लावला नाही. डोक्यात नुसता गुंता आहे, आणि गुंत्यात माझं अक्षर आणखी बिघडतं.

लेकीचा, बेबीचा, कॉम्प्युटर आजारी पडलाय. ती त्यावर लोकांची घरं काढते — बांधायच्या आधी आत शिरून फिरता येतं अशी. आता एका खोलीतून दुसरीत जाताना ते घर अडखळतं, थांबतं, मग एकदम भिंतीत घुसतं! शनिवारी मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायचंय. "बाबा, तेव्हा असं झालं तर मला कामावर ठेवणार नाहीत." धड जेवलीही नाही.

हे खोकं थोरल्याने जोडलेलं. एकेक भाग आणून, स्वतःच्या हाताने. त्याने चुटकीसरशी सांगितलं असतं. पण तो घर सोडून गेला त्याला वर्ष होईल. माझा फोन उचलत नाही. मी असं काय वाईट बोललो? एवढंच ना, की खोक्यांनी पोट भरत नाही, दुकानात शिलाई मशीनवर बस! बापाने एवढंही बोलू नये?

मंगळवार

दुरुस्तीवाला येऊन गेला. "आजोबा, यात चित्रं उमटवणारी दोन कार्डं आहेत. एक बारकं, मुळातलं. दुसरं दणकट, वेगळं बसवलेलं. जड काम बारक्याच्या गळ्यात पडतंय."

हे मला कळलं! दुकानात आमच्याही दोन मशिनी होत्या. जाड कापड नाजूक मशीनवर घातलं की सुई मोडलीच. पण तिथे काय कुठे शिवायचं ते मी ठरवायचो. इथे कोण ठरवतं?

"कॉम्प्युटर ठरवतो. नाहीतर तुम्ही ठरवायचं."

हे काय उत्तर झालं?

पडद्याची वायरही बारक्या कार्डाच्या भोकात होती म्हणे. ती काढून दणकटाला लावली. बेबी माझ्याकडे रोखून बघत होती. मी मागची धूळ पुसतो, वायरी उपटत नाही. बहुतेक.

बुधवार

वायर बदलून काडीचा फरक नाही. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, त्या घरांच्या प्रोग्रामला थेट हुकूम द्या. बेबीने पडद्यावर तीन ओळी उघडल्या आणि बोट ठेवून मला अर्थ सांगितला. पहिली — कॉम्प्युटरची मर्जी. दुसरी — विजेची बचत. तिसरी — पूर्ण जोर. तिने तिसरी निवडली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि घर लोण्यासारखं चालायला लागलं! बेबी हसली. किती दिवसांनी!

पण खोकं तापलं. आतला पंखा असा घोंघावतो की बाजूला बसवत नाही. हात लावून पाहिला — चटका! हे असं चाललं तर थोरल्याच्या हातचं जळून जाईल. घरात त्याचं दुसरं आहे काय?

बेबी अंघोळीला गेली तेव्हा मी दुसरी ओळ निवडली. बचत. पंखा शांत झाला. मलाही बरं वाटलं.

गुरुवार

घर पुन्हा अडखळतंय. बेबी रडली. "काल तर मी नीट लावलं होतं, बाबा!"

बचतीने कधी कुणाचं वाईट झालंय? मला काही समजत नाही. उठून तिच्यासाठी चहा टाकला.

शुक्रवार

आज भलतंच घडलं.

बेबी ऑफिसात. "खोकं चालूच राहू दे, कशालाही हात लावू नका." नाही लावला! खुर्चीत बसून बघत होतो, एवढंच. आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलला. माउस टेबलावर मेल्यासारखा पडलेला, आणि बाण चालतोय! इकडे गेला, तिकडे गेला, त्या तीन ओळी उघडल्या. दुसरीवर थांबला. बराच वेळ. एखादा माणूस कंबरेवर हात ठेवून उभा राहावा तसा. मग तिसरी निवडली.

चोर! दुसरं काय? मग कोरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. चष्मा माझ्या कपाळावर, वाचतो कोण! भिंतीतला प्लगच ओढला. सगळं काळं.

बेबी आल्यावर म्हणालो, वीज गेली होती.

शनिवार

घर चाललं. कुठेही न अडखळता. गिऱ्हाईक खूश.

गिऱ्हाइकाला खाली सोडून बेबी परत आली, चपलाही न काढता माझ्यासमोर बसली. "बाबा, काल वीज गेली नव्हती. आत दादा होता. लांबून तो आपलं खोकं चालवू शकतो. मीच बोलावलं होतं."

तिचं आणि त्याचं पहिल्यापासून बोलणं आहे! बचत कोणी निवडली, असं विचारत होता. ही म्हणाली, "दुसरं कोण?" तर हसला म्हणे. हसला!

"आणि ते पानावर काय लिहीत होता?"

"तुम्ही समोर बसला असाल असं मीच त्याला सांगितलं होतं. ते तुम्ही वाचायचं होतं, बाबा."

खोक्यासमोर बसलोय. प्लग लावलाय, चष्मा डोळ्यांवर आहे. थोरल्या, पंखा घोंघावू दे, जळू दे हवं तर. बाण हलव ना रे. लवकर काहीतरी कळव.