शिरोलीच्या गेटवरलं नाक

शिरोली पुलाची,
ता. ९ जानेवारी २००४

ती. केरबा दाजी यांना यल्लाप्पाचा मानाचा जयभीम. सोनूअक्कालाही सांगावा.

तुमचा गुडघा आता कसा हाय? अक्काचा दमा थंडीनं वाढला न्हाय न्हवं? नेसरीकडनं आलेला टेम्पोवाला सांगत होता, तुमची म्हैस व्याली आणि रेडी झाली. ऐकून आनंद वाटला. (थोडं वाईटबी वाटलं. आमच्या घरमालकाच्या म्हशीलाबी रेडीच झाली. सगळ्यांना रेडीच कशी होतीया, कळंना.) इकडं तानाबाई खुशाल हाय, पोरं खुशाल हायत, मी तेवढा न्हाय. का न्हाय ते सांगायलाच बसलोय, तेव्हा अक्काला चहा ठेवायला सांगा आणि मगच पुढं वाचा.

तुम्हाला ठाऊकच हाय, फौंड्रीच्या गेटवर मी नुसता वॉचमन म्हणून कधीच न्हवतो. वितळल्या लोखंडापाशी पिलेला माणूस गेला तर तो एकटा जळत न्हाय, शेजारच्या चौघांना घेऊन जातो. म्हणून मालकांनी पहिल्यापासून मला तपासणीला उभा केला. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कामगारांनी रांगेनं यायचं, माझ्यासमोर तोंड उघडून 'हाऽऽ' करायचं, मी वास घ्यायचा आणि मान हलवली की आत. मान न्हाय हलवली तर घरी. ह्याच्यावर अपील न्हवतं. आपण कुठल्या गल्लीतनं आलो ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांच्या दारात आपल्या बापानं लांबनं ओंजळ धरून पाणी पिलं, त्यांची पोरं सकाळच्या पारी माझ्यापुढं आ करून उभी ऱ्हायची आणि 'मामा, बघा की' म्हणायची. दाजी, त्या एवढ्याशा सुखासाठी मी बारा वर्षं कांदा, लसूण, मुळा, गुटखा आणि न घासलेलं दात सोसलं. तानाबाईनं घरात अगरबत्ती लावायची बंद केली, नाकाला धक्का नको म्हणून.

मग जर्मनीचं पावणं आलं. आमचं ओतीव सामान आता तिकडं जाणार हाय, म्हणून ते सगळं बघत बघत गेटवर आलं आणि विचारलं, कामावर दारू पिऊन कोण येतंय का, हे तुम्ही कशानं तपासता? मालकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. पावण्यानं आधी माझ्या हातात काय यंत्र हाय का बघितलं, मग माझं नाक ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. ह्याला सर्दी झाली की काय करता, असं त्यानं विचारलं. मग म्हणाला, दारू किती पिली त्याचा आकडा कसा काढता? मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, थोडी, मध्यम आणि लई. हे इंग्रजीत करून सांगायला आमचा नवा सेफ्टी ऑफिसर आदर्श उभा होता. त्यानं काय सांगितलं देव जाणे (तुम्ही म्हणशीला, देव कुठला आणलास, बोलायची सवय हाय), पण पावण्यानं ते लिहून घेतलं आणि महिन्याच्या आत गेटवर मशीन आलं.

मशीन म्हणजे केवढं, तर मोबाईल फोनाएवढं. माणसागणिक नवी पांढरी नळी लावायची, त्यात टीं वाजेपर्यंत फुंकायचं आणि आकडा येतो. ते चालवायला मी हाय की, असं मी धरून चाललोतो. इस्त्रीचा शर्टबी घालून गेलतो. पण मालकांनी ते आदर्शच्या हातात दिलं. आदर्श म्हणजे गडहिंग्लजचं पोरगं, डिप्लोमा झालेलं, मिशा अजून धड आल्या न्हाईत. माझ्यापुढं येणारी माणसं तोंड वाकडं करून यायची. त्याच्यापुढं हसत येत्यात आणि फुंकून झालं की 'थँक्यू सर' म्हणत्यात. मला कुणी कधी थँक्यू म्हणलं न्हवतं. कँटीनवाला त्याच्या पोह्यावर खोबरं घालतोय, आमच्यावर नुसती कोथिंबीर. गेटवरलं कुत्रंसुदिक त्याच्या खुर्चीखाली निजतंय. एकदा तानाबाई डबा द्यायला आलीती, ती घरी येऊन म्हणली, पोरगं गुणाचं हाय. त्या रात्री मी जेवलो न्हाय. (नंतर जेवलो. पण गप जेवलो.)

त्यात पहिल्याच दिवशी भट्टीवरला ज्ञानू सापडला. हा ज्ञानू कैक वर्षं माझ्यासमोर लसणाच्या कुड्या चावत 'हाऽऽ' करायचा आणि मी मान हलवायचो. मशीननं त्याचा आकडा दाखवला, तर रांगेतल्या कुणीबी ज्ञानूकडं बघितलं न्हाय, सगळी माझ्याकडं बघाय लागली. पुढं तर गांजा आणि नशेच्या गोळ्यांसाठी लघवीची तपासणी निघाली, क्रेनवाल्यांची आणि भट्टीवाल्यांची. त्यात पट्टी बुडवायची आणि रेघा बघायच्या. पट्टी आदर्शकडं. माझ्याकडं काय, तर संडासाचं दार. आत कुणी नळाचं पाणी भरून आणत न्हाय ना, ह्याच्यावर कान ठेवून उभं ऱ्हायचं. एक क्रेनवाला इतका लाजरा, की मी बाहेर उभा हाय म्हणून त्याला होईना. तांब्यावर तांब्या पाणी पिला, तरी न्हाय. शेवटी मला लांब चिंचेखाली जाऊन पाठ करून बसायला लावलं, तवा झालं. बघा दाजी, नाकावरनं कानावर आलो आणि कानावरनं चिंचेखाली.

आता मागल्या सोमवारचं ऐका. जर्मनीच्या मालाची पहिली ओतणी होती. आमचं वर्क्स मॅनेजर साहेब, म्हणजे मालकाच्या खालोखाल तेच, गाडीतनं आलं. मी सवयीनं दांडी वर केली आणि सलाम ठोकला. एवढ्या वर्षांत मी साहेब लोकांचा वास कधी घेतला न्हाय. घ्यायचा असतोय, हेच डोक्यात आलं न्हवतं. तर ते आदर्श गाडीच्या आडवं जाऊन उभं राहिलं आणि म्हणलं, सर, आज तुम्ही भट्टीवर जाणार, तेव्हा फुंकावं लागंल. मी म्हणलं, मेलं हे पोरगं. साहेब हसलं, काच खाली केली, फुंकलं. टीं वाजलं आणि आकडा आला. ज्ञानूपेक्षा मोठा.

साहेबांचं हसू गेलं. मशीन बिघडलंय, म्हणाले. आदर्शनं नवी नळी लावून दुसऱ्यांदा घेतलं, तोच आकडा. तवर मालक आलं, मागं रांग थांबली. साहेबांनी मालकांना सांगितलं, खेळण्यावर कसला भरोसा ठेवताय, हा यल्लाप्पा बारा वर्षं वास घेतोय, त्याला विचारा. मग गाडीतनं उतरून माझ्याजवळ आलं आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणलं, "न्हाय म्हण. गेट परत तुझं. पोराला संध्याकाळी घरी घालवतो."

दाजी, खरं सांगतो, मी खूश झालो. ज्याच्यासाठी जीव जळत होता ते ताटात वाढून समोर आलंतं, मी नुसती मान हलवायची होती. आदर्श बाजूला नळी धरून उभा होता. त्याच्या बापाचं गडहिंग्लजला पंक्चरचं दुकान हाय, त्याच्या पगारावर घर चालतंय, हे मला ठाऊक हाय. मी नाक पुढं केलं. साहेबांनी 'हाऽऽ' केलं. वर वेलची, तिच्याखाली पुदिन्याची गोळी, तिच्याखाली रात्रीची, आणि रात्रीच्यावर सकाळी घेतलेली थोडी ताजी.

आता अक्काला वाटंल, भाऊ खऱ्याला जागला. जागलो, पण कशानं जागलो ते ऐका. माझ्या मनात आलं, मी जर वास न्हाय म्हणलो, तर उद्या ही सगळी रांग काय म्हणंल? मशीनला कळलं आणि यल्लाप्पाच्या नाकाला कळलं न्हाय. ज्ञानूच्या वेळंला म्हणलीच हायत. आता परत? त्या मोबाईलएवढ्या डबीपुढं? ते मला सोसंना. पोराची नोकरी, भट्टीवरली माणसं, हे सगळं मागनं आठवलं, आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

मालकांकडं बघून मी म्हणलं, "वास येतोय, साहेब. मध्यम."

मालकांनी साहेबांच्या हातातनं गाडीची किल्ली काढून घेतली आणि ड्रायव्हर देऊन त्यांना घरी पाठवलं. ओतणी दुसऱ्या साहेबांनी केली, ती चांगली झाली. आता वर्क्स मॅनेजर साहेब रोज सगळ्यांच्या आधी फुंकत्यात आणि माझ्याकडं बघत न्हाईत. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा करून आदर्शला मनगटी घड्याळ दिलं. मला काय, तर पाठीवर थाप. म्हणाले, यल्लाप्पाचं नाक मशीनच्या तोडीचं हाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजी, मशीनच्या तोडीचं? मशीन काल आलं. माझं नाक कवापासनं गेटवर हाय. मशीन माझ्या तोडीचं हाय असं म्हणायला काय झालंतं? आणि वर त्या आदर्शनं चारचौघांत वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणजे आता त्याच्यावर उघड उघड जळायचीबी सोय राहिली न्हाय. लपून जळावं लागतंय, आणि त्याला लई ताकद लागती.

असो. गुडघ्याला तेल लावत जावा. अक्काला धुरात बसू देऊ नका.

तुमचा मेव्हणा,
यल्लाप्पा (गेट नंबर एक)

ता.क. तुमच्या बाजूच्या साखर कारखान्यात तुमचं उठणं-बसणं हाय. तिथं गेटवर अजून मशीन आलं नसंल तर माझ्यासाठी शब्द टाकावा. मात्र तिथं दारूचा प्रकल्प हाय का ते आधी बघा. असला तर नको. तिथं हवेलाच वास असणार, माणसाचा कसा ओळखायचा?

ता.क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात आदर्श घरी येऊन गेला. मशीन तपासणीसाठी पुण्याला पाठवायचंय आणि ते येईपर्यंत मालकांनी गेट परत माझ्या नाकाकडं दिलंय. तेव्हा साखर कारखान्यात काही बोलू नका. तुमचा पोरगा प्रसेनजीत पुण्यातच असतोय, त्याला फोन करून सांगा, त्या तपासणीवाल्यांच्या दुकानात एक चक्कर मारून यायला. दुकानाचा पत्ता मागं लिहिलाय. माझं नाव घ्यायचं न्हाय. एवढंच म्हणायचं, शिरोलीच्या लोकांना कसलीच घाई न्हाय, काम नीट बघून करा, उन्हाळा संपल्यावर दिलं तरी चालंल.