आक्कासाठीचं औषध

निपाणी, ६ जानेवारी २०२५

चि. रचनास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन उचलत न्हाई म्हणून रागावू नकोस. कानाला लावला की नुसतं गुणगुणतंय. मेसेज करायचा तर त्या बारीक अक्षरांवर बोटं वळत न्हाईत. मूत्रपिंडातल्या जंतूंवर दिलेल्या इंजेक्शनांनी कान निम्मे गेले, आणि ताप मात्र परत आलाय. डॉक्टर म्हणतात, दुसरी औषधं या जंतूंना लागू पडत न्हाईत. तेच इंजेक्शन पुन्हा घ्यायचं, मग उरलेले कानही जातील. यांनी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा कळलं.

तू बेळगावात इतकी वर्षं जंतूंवरचं औषधच करतेस न्हवं? तयार असलं तर माझ्यावरच करून बघ की गं. बहिणीचं औषध येतंय म्हणून शेजारच्या जयाबाईंना मी सांगूनही बसले. जेवतेस का वेळेवर?

उत्तराकडं डोळे लावून,
तुझी आक्का

बेळगाव, १० जानेवारी

ती. सौ. आक्कास रचनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ते औषध तुला देता येणार नाही गं. जंतूंना वाढायला एक एन्झाइम लागतं. ते अडवणारा रेणू मी बनवला, प्रयोगात जंतू मेलेही. पण तसलंच एन्झाइम माणसाच्या पेशीतही असतं, आणि माझा रेणू दोन्हींत फरक करत नाही, हे गेल्याच आठवड्यात कळलं. जंतूंबरोबर तूही झिजशील.

आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर हाच रेणू लावून बघू. सगळे खूश झाले. मीही हो म्हटलं. पण आक्का, लई थकले गं. मी हे तुझ्यासारख्यांसाठी करत होते.

इंजेक्शन घे. कान जातील, पण तू राहशील. भावजींना नमस्कार.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
रचना

निपाणी, २ फेब्रुवारी

चि. रचनास आशीर्वाद. वि. वि.

इंजेक्शनं झाली. ताप गेला, कानही गेले. कुकरची शिट्टी आता वाफेवरून ओळखते. आधी तुझ्यावर लई राग आलता. यांना म्हटलं, एवढी शिकली, पण बहिणीच्या कामाला आली न्हाई. त्यांनी तुझं पत्र परत माझ्या हातात दिलं. जयाबाईंना आता सांगितलंय, ते औषध माझं न्हवतं, दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

थकली असशील तर रविवारी ये, झोप काढ. दारात हाका मारत उभी राहू नकोस, मला ऐकू यायच्या न्हाईत. कडी काढून ठेवते. सरळ आत ये आणि माझ्या खांद्यावर हात ठेव.

तुझीच,
आक्का