मेहुण्याची सुरी आणि माझे हिरे

३ फेब्रुवारी, सकाळ
मेहुण्याच्या सुरीच्या धारेचा टवका उडून खांडा पडला. मी त्या सुरीने रंगाचा डबा उघडत होतो. दोष डब्याचा. हल्ली झाकणं इतकी घट्ट बसवतात, माणसाने उघडायचं तरी कशाने?

मेहुणा स्वयंपाकी. सुरी त्याच्या उस्तादांची, निवृत्त होताना त्यांनी याला दिलेली. सध्या तो बाहेरगावी, शनिवारी परत. सोमवारी मोठ्या हॉटेलात नोकरीसाठी ट्रायल. ही म्हणाली, त्याला आत्ताच फोन करून सांगा. मी म्हणालो, सांगायचंय काय? शनिवारी सुरी नव्याहून नवी करून हातात ठेवतो. ही उठून आत गेली. म्हणजे पटलं.

संध्याकाळ
धार लावायच्या दगडाचा जमाना गेला. आता डायमंड प्लेट: धातूची पट्टी, वर हिऱ्याचा चुरा. दुकानदाराने विचारलं, दाणा कितीचा? म्हटलं, सगळ्यात मोठा नंबर द्या, काम मोठं आहे. बाराशे निघाला. तो म्हणाला, खांडा काढायचा तर लहान नंबर... मी हात वर करून थांबवलं. नको ते गळ्यात मारणारे पुष्कळ पाहिलेत.

५ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. सकाळपासून घासतोय. सुरीत चेहरा दिसायला लागला. खांडा जिथल्या तिथे. तोही चकाकतोय.

हिने खोक्यावरचं वाचून दाखवलं. नंबर मोठा तसा दाणा बारीक. तो शेवटच्या हाताला. आकार द्यायला लहान नंबर. म्हटलं, ठाऊक होतं. मी आधी पृष्ठभाग तयार करत होतो.

६ फेब्रुवारी
एकशेवीसची आणली. दुकानदार हसला. धंदा चांगला चाललाय, हसणारच.

खोक्यावर सूचना: पाणी लावा, हलक्या हाताने फिरवा. हलक्या हाताने! हिरा काय तान्हं बाळ आहे? सगळा भार टाकून, खांडा होता नेमका तिथेच घासलं. दुपारी खांडा गायब! हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, अहो, सुरी मधेच खचलीय. म्हटलं, त्याला घाट म्हणतात.

७ फेब्रुवारी
कांदा कापून पाहिला. सुरीचं टोक टेकतं, मुठीकडची बाजू टेकते, मधला भाग अधांतरी. चकत्या सुट्या होईनात, माळेसारख्या उचलल्या गेल्या. कांदाच चिवट.

पुन्हा घासायला घेतली तर प्लेटला मधोमध टक्कल. हिरे निघून गेले! शुद्ध फसवणूक. दुकानदार म्हणाला, फार दाबलंत. म्हटलं, दाब सोसत नाहीत ते हिरे कसले? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बदलून मात्र देईना. रागाच्या भरात आणखी एक घेऊन आलो.

८ फेब्रुवारी, शनिवार
मेहुणा आला. सुरी उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून धारेवरून नजर फिरवली. मी खुलासा सुरू केला: डबा, झाकण, दुकानदार. तो एवढंच म्हणाला, "दाजी, एक फोन करायचात." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. ओरडला असता तर मीही ऐकून घेतलं नसतं. हे असं पाठ फिरवणं म्हणजे अन्यायच. ही माझ्याकडे बघत नाहीये. मी जेवलो. अन्नावर राग कशाला?

९ फेब्रुवारी
बहीणभाऊ सकाळपासून ओट्याशी. धारेला मार्करने काळं फासलं. जिथलं काळं जाईल तिथे प्लेट लागतेय, असं कळतं म्हणे. नव्या प्लेटवर पाणी, बोटांचा नुसता आधार. दोन्हीकडचा भाग झिजवून मधल्याच्या रेषेत आणला. शेवटी बाराशेची. म्हणजे माझी! सुरी अरुंद झाली, पण कांदा सपासप. मेहुणा म्हणाला, उस्ताद बघायला नाहीत ते बरं. हिने डोळे पुसले. कांद्याने असणार. मी सुचवलं, कोन जरा बदला. दोघं एकदमच म्हणाले, तुम्ही बसा.

१० फेब्रुवारी
मेहुणा पास! तिथल्या मुख्य शेफने धार बघून विचारलं म्हणे, कुणी लावली? हा म्हणाला, मी आणि ताईने. प्लेट कुणी आणली, हे शेफने विचारलं नसावं. मी हिला म्हणालो, हा जोडधंदा करावा म्हणतो. हिने घरातली कात्री उचलली आणि शेजारच्या घरी ठेवायला दिली. शेजारणीला लागत असेल.

१५ फेब्रुवारी
मेहुण्याने हॉटेलात जेवायला बोलावलं. वाटलंच होतं, शेवटी माणसाला किंमत कळते. वेटरने हिच्यापुढे काटा-सुरी मांडली. शेजारच्या टेबलावरच्या लहान पोरालासुद्धा. माझ्यापुढे चमचा. म्हटलं, घाईत राहिलं असेल. मग प्लेट आली. माझ्या वाटणीचे बारीक तुकडे करूनच आणलेले. वेटरला फैलावर घेणार होतो. पण चमच्याने लवकर आटोपतं.