एका चुलीचा प्रयोग

२ मार्च १९७४, शनिवार
ठरलं. धरणात गाव गेलं म्हणून चौदा बौद्ध कुटुंबं आमच्या गावात राहायला आली, त्याला दीड वर्ष झालं. अजून त्यांना विहिरीला हात लावू देत नाहीत. भाषणांनी काही होणार नाही, आर्टनेच होईल. औरंगाबादच्या शिबिरात ऐकलं होतं: लोकांसमोर नुसता स्वयंपाक, संवाद नाहीत, शेवटी ऑडियन्सने जेवायचं. एकदम मॉडर्न. शाळेचा ड्रॉईंग मास्तर म्हणून पुढाकार माझाच. जातपात मी कॉलेजातच सोडली.

५ मार्च, मंगळवार
धरणाच्या वस्तीतल्या रुक्माबाईला भूमिका समजावली. म्हणाली, "सयपाक तर रोजच करून राहिले गुरुजी, त्यात बघायचं काय? पाणी कुठलं, तेवढं सांगा." म्हणालो, गावच्या विहिरीचं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "येते." सिम्बॉलिझम कळला असावा. बंजारा तांड्यावरची जिवनबाईही तयार.

१० मार्च, रविवार
सरपंच अमृतराव विचारतात, भांडण पेटलं तर जबाबदार कोण? मी म्हणालो, मी. असं म्हणून बरं वाटलं.

१४ मार्च, गुरुवार. दुपारी ४
पारापाशी चूल पेटली. रुक्माबाई घागर घेऊन विहिरीवर गेली. गावातल्या मुंजाजीने रहाट धरून ठेवला. भोवती दोनशे माणसं. काय ड्रॅमॅटिक क्षण! ती हलली नाही. शेवटी अमृतराव म्हणाले, "भरू दे तिला." घागर भरली. प्रयोग यशस्वी! आता फक्त जेवणं.

१५ मार्च, शुक्रवार
कालचं लिहायचं राहिलं. भाकरी, वरण झालं. अमृतराव पंगतीत बसले, मागोमाग गाव बसलं. म्हणाले, "गुरुजी, पहिला घास तुमचा. मग आमी." रुक्माबाईने ताट माझ्यापुढे ठेवलं. सगळे बघत होते. मी म्हणालो, माझा गुरुवारचा उपास आहे.
तिने ताट उचललं. अमृतराव उठले. पंगत उठली. जिवनबाई तेवढी तिच्याजवळ बसून जेवली.
खरं म्हणजे दिग्दर्शकाने प्रयोगात भाग घ्यायचाच नसतो. घरी येताना बायकोने विचारलं, "गुरुवार कधीपासून धरला?" फॉर्मबद्दल तिला काय सांगणार.

१६ मार्च, शनिवार
सकाळी विहिरीवर गेलो. रुक्माबाई रिकामी घागर घेऊन लांब उभी. रहाटावर पुन्हा मुंजाजी. ठणकावून सांगितलं, तिला पाणी भरू दे.
तो म्हणाला, "काहून गुरुजी? तुमाला तरी कुठं चाललं तिच्या हातचं?"
त्याने माझी बादली भरून दिली.
ती घेऊन मी घरी आलो.