आधी समोरच्याची बाजू

प्रिय ताई,

फोन करायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. फोनवर तू जिंकतेस. गेल्या आठवड्यात तीनदा जिंकलीस, आणि तिन्ही वेळा फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी विचारलं ते तसंच राहिलं. कागदावर तुला मला मधेच थांबवता येत नाही. आई ठीक आहे, गुडघा तसाच आहे. तुझा त्या रविवारचा लेख तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. मी रोज सकाळी टॉवेल काढायला दार उघडते तर तुझा फोटो हनुवटीला बोट लावून विचारात पडलेला. एकदा मी त्यावर टॉवेल अडकवला. आईने काढला आणि म्हणाली, "तिला बघू दे की जरा घराकडे." हे तिने तुझ्या कौतुकाने म्हटलं की कसं, ते मी अजून ठरवू शकले नाही.

बाबांचा नियम तुला आठवतो ना? आपण भांडायला लागलो की ते पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, आधी समोरच्याची बाजू. तू माझं खोडरबर घेतलं असेल तर ताईला ते का लागलं हे मी सांगायचं, इतकं नीट की तुझी मान हलली पाहिजे. मग तू माझी बाजू सांगायची. मी नाक पुसत पुसत तुझी बाजू मांडायचे आणि तू मान हलवायची सोडून "अजून नीट" म्हणायचीस. तीन वर्षांपूर्वी तू दर महिन्याला आमच्या तुरुंगात येऊन बायकांचा वर्ग घ्यायचं ठरवलंस, तेव्हा हाच नियम तिथे आणलास. मला तेव्हा भरून आलं होतं, खोटं का बोलू. तिथल्या वाचनालयाची नोकरी मला तोवर पुस्तकांना नंबर घालण्याची नोकरी वाटायची. जुन्या औषधांच्या खोलीत तेरा खुर्च्या मांडून वर्ग सुरू झाला, आणि त्यासाठी अकरा अर्ज मी केले होते.

पहिल्याच दिवशी शिवणखात्यात कापड बेतणाऱ्या बाईने तुला विचारलं, "हे शिकून शिक्षा कमी होते का हो?" तू हसून नाही म्हणालीस. ती म्हणाली, "मग बसते. म्हणजे खरंच काहीतरी शिकवणार असाल." तिला सगळ्या कात्री म्हणतात, अर्धं कामामुळे आणि अर्धं जिभेमुळे. शिकून शिक्षा वाढते हे मात्र आपण तिला सांगितलं नव्हतं.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी एकदा क्रमाने लिहिते, कारण तुझ्या फोनवरच्या बोलण्यात हा क्रम कुठेच नसतो. फेब्रुवारीच्या वर्गाचा विषय पश्चात्ताप होता. कात्रीच्या हातून दिराचा जीव गेला. चौदा वर्षांपूर्वी तो तिच्या अंगावर आला, तिच्या हातात इस्त्री होती. तू तिला नियमाप्रमाणे उलटी बाजू दिलीस: पश्चात्ताप का करू नये, ते मांड. तिने मांडलं. "मला पश्चात्ताप नाही. ज्यांनी मला कधी विचारलं नाही की तुझ्यावर काय बेतलं, ते आता विचारतात तुला वाईट वाटतं का. वाईट वाटणं ही माझी वस्तू आहे. ती मी त्यांना देणार नाही." कोणीतरी टाळी वाजवली. तू घड्याळ बघितलंस, तुला व्याख्यानाला जायचं होतं, गाडी उभी होती. पुढच्या अर्ध्या तासात तिने स्वतःची बाजू मांडली. तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

मग तुझा लेख आला. त्यात तिची ती चार वाक्यं, अवतरणचिन्हांत. नाव नाही, बरोबर. "शिवणखात्यात कापड बेतणारी, चौदा वर्षं आत असलेली एक स्त्री." ताई, आमच्याकडे कापड बेतणारी एकच आहे. सुटका समितीच्या बैठकीत तो लेख अध्यक्षांसमोर होता, पिवळ्या पेनने रंगवलेला. निकालात लिहिलं, पश्चात्तापाचा अभाव, दोन वर्षांनी पुन्हा विचार व्हावा. तिची मुलगी आत्ता सोळा वर्षांची आहे. आजीकडे वाढली, आणि आजीला आता एका डोळ्याने दिसत नाही. आई सुटली की तिघींनी एकत्र राहायचं म्हणून त्या मुलीने एक खोली बघून ठेवली होती. तिने मला खिडकीचं माप आणून दिलं होतं, पडद्यासाठी. कात्रीने पडदा बेतून ठेवला आहे.

समितीपुढे येऊन खुलासा कर म्हणून मी तुला फोन केला. आता नियमाप्रमाणे तुझी बाजू मांडते, आणि मन लावून मांडते. तुझं म्हणणं असं की पश्चात्तापाची परीक्षा घेणं हाच मूळ अन्याय आहे. माणसाने काय केलं त्याची शिक्षा देता येते, त्याच्या आत काय चाललंय त्याची हजेरी घेता येत नाही. शिवाय ही परीक्षा सगळ्यांना सारखी नसते. आपल्या उजळ रंगाच्या माणसाने मान खाली घातली की तो पश्चात्ताप, तिच्या काळ्या रंगाच्या माणसाने घातली की तो कावा. बाईने तर रडलंही पाहिजे आणि फार रडताही कामा नये. अशा समितीपुढे जाऊन "नाही हो, तिला खरंच वाईट वाटतं" असं सांगायचं म्हणजे तिला परीक्षेत पास करायचं आणि परीक्षा कायम ठेवायची. म्हणून तू खुलासा करणार नाहीस, समितीवरच दुसरा लेख लिहिणार आहेस. मांडलं का नीट? मला ठाऊक आहे, नीट मांडलंय. यातला शब्दन्‌ शब्द मला पटतो, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं. तुझं चुकलं असतं तर बरं झालं असतं, मी सरळ भांडले असते.

पण तीच वाक्यं तुझ्या लेखात आली तर तू निर्भीड, तिच्या तोंडून आली तर ती उर्मट, हे तुझ्याहून चांगलं कोणाला माहीत आहे? तूच तर शिकवलंस! तू गेटवर आलीस की कोणी तुझी पर्स उघडत नाही. तिच्या आईला केसांतल्या पिना काढून टेबलावर ठेवाव्या लागतात, दर महिन्याला. त्यावर तू भाषणही केलंस, चांगलं झालं होतं. त्या दिवशी ती म्हातारी बाकावर पिना परत लावत होती आणि तू तिच्या शेजारून "सॉरी, सॉरी, उशीर झाला" म्हणत गेलीस. मी हे टोचून बोलायला लिहीत नाही. किंवा लिहीत असेनही. मीही तिला कधी आरसा दिला नाही, माझ्या टेबलाच्या खणात असतो. तुझा दुसरा लेख छापून येईल, चर्चा होईल, कदाचित दहा वर्षांनी नियमही बदलेल आणि त्यात तुझा वाटा असेल. पण पडद्याचं काय करायचं ते मला सांग. मी कात्रीला घडलेलं सगळं सांगितलं तेव्हा ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमच्या ताईंनी कापलं झकास. फक्त माप माझं नव्हतं."

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. त्या वर्गानंतर दोन दिवसांनी तुझा फोन आला होता. तुला तिचे नेमके शब्द हवे होते. कैद्यांचं बोलणं लिहून घरी न्यायची आम्हाला परवानगी नाही, पण माझी डायरी तुला माहीत आहे, मी सगळं लिहिते. मी ती चार वाक्यं तुला वाचून दाखवली. तू म्हणालीस, "वा! तू नसतीस तर मी काय केलं असतं?" पान उलटलं की पुढे तिची स्वतःची बाजू होती: "कापड बेतायच्या आधी रोज इस्त्री हातात घेते तेव्हा तो दिसतो. दुसरं काम मागून घेता आलं असतं. मागितलं नाही. तेवढं तरी माझ्याकडून त्याला." ते मी वाचलं नाही. तू विचारलं नाहीस, आणि तुझं ते "वा" माझ्या कानात होतं. ही उलटी बाजू आहे, खरी पुढच्या पानावर आहे, एवढं एक वाक्य मी बोलले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. आठ दिवस तुझ्यावर चिडले त्यातली निम्मी चीड या पानाची आहे. दोन वर्षं थांबायला नको म्हणून तिने निकालाविरुद्ध अर्ज केला, त्यावर फेरविचाराची बैठक मंगळवारी अकरा वाजता आहे. मी डायरी घेऊन जाणार आहे, दोन्ही पानं वाचणार आहे. त्यानंतर वाचनालयाची किल्ली बहुधा माझ्याकडे राहणार नाही, अधीक्षकबाईंनी तसं सुचवलंच आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. पण समितीच्या लेखी मी पडले इथलीच कारकून. त्यांच्या कानाला तुझा आवाज लागतो. मंगळवारी तुझ्या हस्ते उद्घाटन आहे हे ठाऊक आहे. ते सोडून ये. समितीचा अधिकार मान्य करू नकोस, खुशाल तसं आधी सांग. मग तिची बाजू मांड, पुढच्या पानावरची. मी तुझी मांडली, आता तू तिची. मान हलवायला ती समोरच बसलेली असेल, आणि तिची हलेपर्यंत तुला पुन्हा पुन्हा मांडावं लागेल.

गेटवर लवकर ये, तिची आई असेल. आरसा मी आणते आहे.

तुझीच,
नाक पुसत बाजू मांडणारी